दहा मशीनची वाटणी

मेहमूद शेख घाबरतात, हे शिरूरच्या बाजारपेठेत सगळ्यांना माहीत होतं. किती घाबरतात, ते मात्र त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात बसणाऱ्यांनाच कळायचं. स्विच दाबायचा तर उलट्या हातानं, बोटांच्या मागच्या बाजूनं. फोन वाजला की आधी खाकरून घ्यायचे आणि मग "हॅलो"च्या जागी थेट "काय झालं?" जिन्यात अनोळखी बूट वाजले की चालू वाक्य अर्ध्यात सोडून दाराकडं बघत बसायचे. ते अर्धं वाक्य आम्ही मागच्या बाकावर पुरं करायचो, त्यांच्याच बारीक, शेवटाला वर चढणाऱ्या आवाजात: "आन् मग माऊस... हळूच... अरे हळूच म्हन्लं ना, उंदीर हाय का तो पळायला!"

भिण्याला कारण होतं. आठ वर्षं ते रांजणगावला एका कारखान्यात टीव्ही जोडायच्या लाइनवर होते. एका सोमवारी पहिल्या पाळीची बस गेटवर थांबली, गेटवर एक कागद चिकटवलेला होता आणि लाइन बंद झाली होती. हातात जे आलं त्यात त्यांनी दहा कॉम्प्युटर घेतले, हौशीरामच्या पिठाच्या गिरणीवरची पत्र्याची खोली घेतली आणि क्लास काढला. सरकारी नोकरांना तेव्हा कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली होती, त्यामुळं गुरुजी, बाई, ग्रामसेवक, सगळे जिना चढून यायचे, आणि पुढं नोकरी लागेल या आशेनं आम्ही पोरंही. परीक्षाही तिथंच, त्याच दहा मशीनवर व्हायची. मात्र परीक्षा चालू असताना मशीन बंद पडलं की केंद्राची मान्यता जायची. मान्यता गेली की क्लास गेला. दुसऱ्यांदा कुठल्या दारावरचा कागद वाचायची मेहमूदसरांची छाती नव्हती.

दोन हजार पाचच्या एप्रिलमध्ये पुण्याहून नवा नियम आला. प्रत्येक मशीनमध्ये मेमरीच्या दोन पट्ट्या पाहिजेत आणि त्यांचा वेग चारशे पाहिजे. मेमरीची पट्टी म्हणजे टूथब्रशएवढ्या लांबीची, वर काळे चौकोन चिकटवलेली. कॉम्प्युटर काम करताना जे काही डोक्यात धरून ठेवतो ते तिच्यात. चारशे म्हणजे, सरांनी आम्हाला सांगितलं, सेकंदाला चाळीस कोटी वेळा घेणं-देणं. हे सांगताना ते स्वतःच दचकले.

पाच मशीनमध्ये तसल्या हिरव्या पट्ट्यांच्या जोड्या आधीपासून होत्या. उरलेल्या पाचांसाठी सरांनी पुण्याहून दहा नव्या पट्ट्या आणल्या. या निळ्या निघाल्या, कंपनी वेगळी, पण चिठ्ठीवर आकडा तोच, चारशे. सरळ हिशेब होता. पाच मशीन हिरवी, पाच निळी.

पण गिताबाई बोलल्या. गिताबाई निमोण्याच्या अंगणवाडीच्या. पदर खोचून बोलायच्या, म्हणजे भांडणार हे आधीच कळायचं. "निळ्या नव्या हायत. नव्यावर कोन बसनार? ही पोरं बसनार टुणकन. आन् आमी हिरव्यावर टकटक करत मरायचं व्हय?" पोरं म्हणाली, नव्याचं काय खरं, हिरव्याच ओरिजिनल. पाच मिनिटांत हिरवी पार्टी, निळी पार्टी, आणि मध्ये मेहमूदसर, हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून, दोन्हीकडं मान हलवत.

तेव्हा पोपटराव गुरुजी उठले. घर दौंड तालुक्यात राहूला, शाळा नदीच्या अलीकडं शिरूर तालुक्यात. वय पंचावन्न. राहूत कुणाच्या घरात वाटणी निघाली की पंच म्हणून यांनाच बोलवायचे. बोलायच्या आधी दोन्ही तळहात मांडीवर ठेवायचे आणि "ऐकाऽऽ" असं म्हणायचे की गिरणीसुद्धा हळू झाल्यासारखी वाटायची.

"ऐकाऽऽ. दोन भाऊ हायत. एकाला सगळी नदीकाठची काळी आन् दुसऱ्याला सगळा माळ, असं करतो का आपुन? न्हाई. दोघांलाबी थोडी काळी, थोडा माळ. मशीनलाबी तसंच. परत्येकाला एक हिरवी, एक निळी. हाय का कुनाची तक्रार?"

कुणाचीच नव्हती. गिताबाईंनी पदर सोडला. पुण्याच्या दुकानदारानं सरांना बजावून सांगितलं होतं की जोड्या मोडू नका. सर म्हणालेही, "जोडी मोडू नका, असं तो..." पण ते इतक्या हळू की पंख्यालाही ऐकू गेलं नसेल. गुरुजींनी मान वळवली, "काय म्हनले, मेहमूदभाई?" आणि सर म्हणाले, "काय न्हाई, गुरुजी. बराबर हाय." दहाच्या दहा मशीनमध्ये एक हिरवी आणि एक निळी बसली. सुरू झाल्यावर पडद्यावर वेग चारशेच्या खाली दिसला, तर सरांनी आतल्या सेटिंगमध्ये जाऊन हातानं चारशे करून टाकला. नियमाचा अर्ज भरला: दहा मशीन, वेग चारशे. सही केली. परीक्षा पुढच्या रविवारी.

मंगळवारी पहिलं मशीन गेलं. पडदा एकदम निळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. गिताबाई खुर्चीसकट मागं सरकल्या, "म्या काय न्हाई केलं! म्या हातबी न्हाई लावला!" बुधवारी चार गेली. कधी वीस मिनिटांनी, कधी तासानं, पत्रा तापला की जास्त. सर प्रत्येक मशीनपाशी पळायचे आणि पळताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. आम्हाला आधी हसू आलं. बुधवारी दुपारनंतर येईना.

कारण बंद पडणं परवडलं असतं. बुधवारी पोपटराव गुरुजींनी सरावाला वर्गातल्या पोरांचे मार्क टाइप केले, एकेका बोटानं, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. फाईल ठेवली. उघडली. एका पोरापुढं एकसष्ट लिहिलेलं, तिथं एकाहत्तर.

"म्या एकसष्ट लिवलं," गुरुजी म्हणाले.

 गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एकाहत्तरच. "म्या एकसष्ट लिवलं ना?" या वेळी त्यांनी शेजारच्याला विचारलं, आणि राहूचा पंच असा विचारतो हे ऐकून आमच्यातला जो तो आपापली फाईल उघडून बघायला लागला.

सरांनी दोष गिरणीला दिला. खाली मोटर सुरू झाली की दिवे मंदावायचे, तेव्हा वीज ओढली जात असणार. ते हौशीरामकडं गेले. हौशीराम कायम पिठानं पांढरा, भुवयासुद्धा. "मोटर लावली की तुमचं मशीन मान टाकतंय? बाया इतकी वरसं दळान आनत्यात, कुनाची मान पडल्याली म्या बघितली न्हाई." तरी माणूस चांगला. गुरुवारी त्यानं तासभर गिरणी बंद ठेवली. खोलीत पहिल्यांदाच शांतता झाली. मशीनमधल्या दहा पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. आम्ही सगळे पडद्यांकडं बघत बसलो होतो. चोविसाव्या मिनिटाला तीन नंबर गेलं. लगेच आठ नंबर. खालून हौशीराम ओरडला, "झालं का वो? बायांची लाइन लागलीय!" सर दाराशी गेले आणि म्हणाले, "लावा मोटर." असा आवाज त्यांचा आम्ही ऐकला नव्हता. त्यात चढच नव्हता.

शुक्रवारी क्लासला सुट्टी दिली, पण आम्ही दोघं-तिघं गेलोच. सरांकडं मेमरी तपासायचा एक प्रोग्राम होता, फ्लॉपीवर. तो लावला की पडद्यावर आकडे धावतात आणि मेमरीनं दिलेलं उत्तर चुकलं की लाल ओळ उमटते. एकही लाल ओळ चालत नाही. फ्लॉपीचे ड्राइव्ह दोनच शाबूत होते, बाकीच्यांच्या तोंडात गिरणीचं पीठ गेलेलं. सर मशीनची झाकणं काढून ड्राइव्ह एकातून दुसऱ्यात लावत होते.

पहिल्या मशीनमधली हिरवी पट्टी एकटी ठेवली. एकही लाल ओळ नाही. निळी एकटी ठेवली. तीही स्वच्छ. सरांचा चेहरा आणखी उतरला. चोर सापडला असता तर बरं झालं असतं. इथं दोघंही साळसूद. मग दोन्ही एकत्र घातल्या. नऊ मिनिटं काही नाही. दहाव्या मिनिटाला एक लाल ओळ आली, मग तीन, मग पडदाभर, वरून खाली, पावसासारख्या.

सरांची आई अमीरबी डबा घेऊन जिना चढून आल्या होत्या. "मेहमूद, खा ले रे बाबा. मशीन किधर भागके जाती क्या?"

"अम्मा," सर लाल ओळींकडं बघत म्हणाले, "मैं किसीके मुंह पे ना नहीं बोलता. उसीसे हुआ है ये."

हिरव्या दोन एकत्र घातल्या, स्वच्छ. निळ्या दोन एकत्र, स्वच्छ, आणि पूर्ण चारशेवर. मग त्यांनी आम्हाला समजावलं, म्हणजे स्वतःलाच समजावत होते. हिरवी विचारल्यापासून अडीच ठोक्यांत उत्तर देते. निळीला तीन लागतात. दोघींचा वेग चारशेच, दोघीही खऱ्या. पण बोर्ड दोघींना एकाच तालावर चालवतो. त्यानं निळीसाठी थांबायला हवं, तर हा स्वस्तातला बोर्ड हिरवीच्याच तालावर हाकत होता, आणि ताल बदलायची सोय त्यात नव्हती. निळी घाईत जे तोंडाला येईल ते उत्तर द्यायची. कधी एकसष्ट, कधी एकाहत्तर.

वेग कमी केला तर मिसळूनही चाललं असतं. सरांनी करून बघितलं, चालत होतं. पण मशीन सुरू होताना पडद्यावर वेग दिसतो, आणि अर्जावर चारशे लिहून खाली सही होती. सरांनी वेग पुन्हा वर केला आणि कपाळावरचा घाम स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं पुसला. आता एकच वाट होती. वाटणी मोडायची. आणि तसं गुरुजींना सांगायचं.

शनिवारी साडेदहाला गुरुजी न्हावऱ्यावरून येणाऱ्या यष्टीनं आले. दारात चप्पल काढली आणि तिथंच थांबले. दहाही मशीनची झाकणं उघडी. जमिनीवर दोन पेपर अंथरलेले, एकावर सगळ्या हिरव्या, एकावर सगळ्या निळ्या.

"वाटणी मोडली?"

"न्हाई, म्हंजी... गरम होतंय ना, गुरुजी, म्हनून जरा हवा..."

"हवा," गुरुजी म्हणाले. "मेहमूदभाई, माझ्याकडं बघून बोला."

सरांनी बघितलं.  हातातली पट्टी त्यांनी पेपरवर ठेवली. मग एका दमात बोलले. "ते एकसष्टचं एकाहत्तर तुमी न्हाई केलं. मशीननं केलं. हिरवी आन् निळी एकत्र घातली, त्यानं. दुकानदार म्हनला होता जोडी मोडू नका. मला म्हाईत होतं. म्या बोललो न्हाई."

 आम्ही भिंतीला टेकलो होतो. आता काहीतरी भयंकर ऐकू येणार, याची सगळ्यांना खात्री होती. गुरुजी खाली बसले. तळहात मांडीवर.

"म्हंजी," ते म्हणाले, "माझं डोकं ठीक हाय?"

"आं?"

"आमचा थोरला भाऊ रखमाजी. त्याचंबी असंच सुरू झालं. आकड्यांपास्नं. आता त्याला पोरं वळकू येत न्हाईत. बुधवारपास्नं मला झोप न्हाई, मेहमूदभाई. घरी म्या कुनाला बोललो न्हाई. सकाळी उठलो की आधी सगळ्या नातवंडांची नावं म्हनून बघतो."

 सरांच्या तोंडातून निघालं, "चार दिवस?"

"चार दिवस. आन् तुमी का न्हाई सांगितलं आधीच?"

"भ्यालो."

"कुनाला?"

"तुमाला."

गुरुजी हसले नाहीत. "मी मशीनला भेतो, तुमी मला भेता. चांगला क्लास हाय." मग पेपर पुढं ओढून म्हणाले, "सांगा, कुठं काय घालायचं."

अकरा ते चार वीज असायची, नंतर भारनियमन. एका मशीनला तपासायला पन्नास मिनिटं, ड्राइव्ह बदलायला दहा, आणि एका वेळी दोनच मशीन. हिशेब जेमतेम बसत होता. गुरुजी कागदावर नंबर लिहीत होते, पुढं "हि हि", नाहीतर "नि नि". एकेक मशीन स्वच्छ निघत होतं आणि तरी सरांचा चेहरा सैल पडत नव्हता. पडदा बघायचे, घड्याळ बघायचे, छताच्या पंख्याकडं बघायचे. तीन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी नऊ नंबरनं फेरी पुरी केली. दहा नंबर उशिरा लागलं होतं, निळी जोडी, अजून निम्मंही झालं नव्हतं. तेव्हा पंखा हळू झाला. आधी आवाज गेला, मग पडदे. वीस मिनिटं आधीच वीज गेली होती.

"नऊ झाली," गुरुजी म्हणाले. "दहावंबी नि नि हाय. बाकीची नि नि चांगली निघाली, हीबी निघंल."

"निघंल," सर म्हणाले. "न्हाई निघाली तर?"



रविवारी सकाळी भाड्याचा जनरेटर आला, परीक्षेला तो लागायचाच. मागोमाग पुण्याहून निरीक्षक आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. मशीन सुरू होताना प्रत्येक पडद्यासमोर वाकून आकडा वाचायचे आणि "ठीक" म्हणायचे. नऊ वेळा "ठीक" झालं. दहाव्यापाशी ते आले तेव्हा सर त्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभे होते.

"बाजूला होता का, शेख?"

"साहेब, नऊ देतो. दहावं देत न्हाई."

"म्हणजे? अर्जात आपण दहा यंत्रं दाखवलेली आहेत. पहिल्या सत्राला दहा परीक्षार्थी आहेत. यंत्र चालत नाहीये का?"

"चालतंय."

"मग अडचण काय आहे?"

सरांच्या कानशिलावरून घाम गळत होता. आवाज बारीक झाला होता, पण तुटला नाही. "पुरं तपासलं न्हाई. भीती वाटते."

"भीती," निरीक्षक म्हणाले. "हे कारण मी अहवालात लिहू?"

"लिहा, साहेब."

"आपली मान्यता धोक्यात येऊ शकते, कल्पना आहे ना?"

"हाय." आणि मग, जरा थांबून: "मशीन परीक्षेत पडलं तर जास्त धोक्यात येईल."

निरीक्षकांनी एक पेन काढलं, ठेवलं, दुसरं काढलं. दहा नंबरवर बैठक होती पोपटराव गुरुजींची. त्यांना दुसऱ्या सत्रात, बारा वाजता बसायला सांगितलं. परीक्षेत ते दोनदा नापास झालेले. ही तिसरी. शर्टाच्या बाह्या खाली-वर करत ते दाराशी स्टुलावर बसले.

परीक्षा सुरू झाली. एक तास. सरांनी कोपऱ्यात दहा नंबरला फ्लॉपी घातली, निरीक्षकांच्या परवानगीनं, आणि आवाज न करता उभे राहिले. नऊ माणसं नऊ पडद्यांपुढं. कुणाचा श्वास जोरात आला तरी सर तिकडं बघायचे. वीस मिनिटं झाली. चोवीस झाली. गिताबाई ओठ हलवत प्रश्न वाचत होत्या. तीस झाली. चाळीस.

एकेचाळिसाव्या मिनिटाला कोपऱ्यातल्या पडद्यावर लाल ओळ आली. एकच. मग दुसरी. नि नि असूनही. दहा निळ्यांतली एक पट्टीच मुळात खराब होती, आणि ती तिथं होती. सरांनी निरीक्षकांना हातानं खूण केली. बोलायची परवानगी नव्हती. निरीक्षक चालत आले, वाकले, लाल ओळी वाचल्या आणि सरळ झाले. स्टुलावरून गुरुजींनाही दिसत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली होती.

नऊ मशीन तासभर चालली. एकही पडलं नाही. गिताबाई बाहेर येताच जिन्यावर बसल्या आणि सुटलेले प्रश्न बोटांवर मोजायला लागल्या. निरीक्षकांनी अहवालात काय लिहिलं ते आम्हाला नंतर कळलं: दहावे यंत्र केंद्रचालकाने परीक्षेपूर्वी स्वतः बंद ठेवले. नवी पट्टी घालून महिन्यात कळवावे. मान्यता कायम.

पण तोवर बारा वाजले होते आणि गुरुजी चार नंबरसमोर बसले होते. पत्रा तापला होता. गुरुजींचा बाण पडद्यावर माशीसारखा फिरत होता. एकेक उत्तर शोधायला त्यांना इतका वेळ लागत होता की बाकीचे उठून गेले. खोलीत उरले गुरुजी, सर, निरीक्षक आणि दाराबाहेर आम्ही. शेवटचा प्रश्न झाला तेव्हा सहा मिनिटं राहिली होती. आता फक्त समाप्तवर क्लिक करायचं होतं.

गुरुजींनी ते केलंच नाही. बाण बटणापाशी न्यायचे आणि मागं आणायचे. पाच मिनिटं. चार. सर भिंतीपाशी, हात पाठीमागं बांधलेले, एका पायावरून दुसऱ्या पायावर. सांगायला मनाई. गुरुजींनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. सरांनी डोळे मिटून घेतले, आपल्या तोंडावरून काही कळू नये म्हणून. दोन मिनिटं. एक. वेळ संपली आणि मशीननं स्वतःच परीक्षा बंद केली. पडदा क्षणभर कोरा झाला. 

मग आकडा आला. शंभरपैकी सत्तावन्न. उत्तीर्ण.

गुरुजी आकड्याकडं बघत राहिले. चष्मा काढला नाही. "मेहमूदभाई," ते हळूच म्हणाले, "हे सत्तावनच हाय ना? दुसरं काय न्हाई ना झालेलं?"

मेहमूदसरांनी निरीक्षकांकडं बघितलं. निरीक्षकांनी मान हलवली. तेव्हा सर पुढं आले, गुरुजींच्या खांद्यावरून वाकले आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. "सत्तावन्न, गुरुजी." मग गुरुजींनी शनिवारी लिहिलेल्या कागदावर चार नंबरपुढं काय लिहिलंय ते बघून आले, आणि पुन्हा एकदा वाचून दाखवला.